उद्या काझबेगीला जावं की नको? ड्रायव्हरचं टेन्शन आलंय (तिबिलिसी, जॉर्जिया)

सानपाडा_ते_शारजा

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे म्हणून नवीन धागा काढतेय. आम्ही शारजाहून तिबिलिसीला आलोय, मी, नवरा, मुलगी (वय ७) आणि सासूसासरे. सासरे एसटीतून रिटायर झालेत, सातारा डेपोला ड्रायव्हर होते, हे मुद्दाम सांगतेय कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच आहे.

आज काखेतीची (जॉर्जियाचा पूर्वेकडचा भाग) डे ट्रिप केली, आधी बोद्बेचा मठ, मग सिघनाघी आणि परत येताना तेलावीवरून गोंबोरीच्या घाटातून तिबिलिसी. जागा विचारूच नका, सिघनाघीच्या तटबंदीवर उभं राहिलं की खाली सगळं अलाझानीचं खोरं आणि पलीकडे कॉकेशसचे बर्फाचे डोंगर रांगेत, सासूबाई अर्धा तास तिथून हलायला तयार नव्हत्या. पण गाडी! म्हणजे ड्रायव्हर! एका हातात मोबाईल, त्यावर कोणाशी तरी व्हिडिओ कॉल चालू, समोर ट्रॅक्टर दिसला की वळण असो चढ असो घातलीच गाडी पलीकडच्या लेनमध्ये, पांढरी पट्टी अखंड आहे का तुटक आहे याच्याशी त्याचं काही घेणंदेणं नाही, आणि समोरून येणारा पण शांतपणे कडेला सरकून वाट देतो, जणू असंच ठरलंय. दोन लेनच्या रस्त्यावर तीन गाड्या शेजारी शेजारी मी पहिल्यांदाच बघितल्या. बरं माणूस वाईट नाही हो, मधे थांबून त्याने आम्हाला चुर्चखेला (द्राक्षाच्या रसात बुडवलेली अक्रोडाची माळ असते ती) स्वतःच्या पैशाने घेऊन दिली, मुलीला हसवत होता, त्यामुळे धड रागावताही येईना.

बाबा (सासरे) पुढे बसले होते. गाडीचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे होतं, आम्हाला वाटलं बरं झालं, सवयीचं आहे. पण बाबांचा उजवा पाय पूर्ण रस्ताभर खाली ब्रेक दाबत होता जो तिथे नव्हताच. गोंबोरीला एका वळणावर फक्त एवढंच म्हणाले, "ह्याला बिल्ला कुणी दिला?" सासूबाईंची आधी रामरक्षा चालू होती, नंतर ती पण बंद झाली, ते जास्त भीतीदायक होतं. मुलीला दोनदा उलटी.

आता प्रश्न असा की उद्या सकाळी ९ ला ह्याच माणसाबरोबर काझबेगी (उत्तरेला रशियाच्या बॉर्डरजवळचं डोंगरातलं गाव) बुक आहे. तो रस्ता ह्याहून वाईट आहे का? नवऱ्याकडे यूएईचं लायसन्स आहे, तो म्हणतो गाडी भाड्याने घेऊन मीच चालवतो. बाबा म्हणतात "मी पुन्हा त्याच्या शेजारी बसणार न्हाई, टपावर बसीन." सासूबाई म्हणतात तुम्ही सगळे जा मी हॉटेलवर पोथी वाचते, म्हणजे जायचं नाहीये असा अर्थ. प्लीज कोणी नुकतं जाऊन आलेलं असेल तर सांगा.

लातूरचा_डॉक्टर_होणारा

ताई मी इथेच एमबीबीएस करतोय, तिबिलिसीतच राहतो, त्यामुळे हे सगळं रोजचं आहे. पहिली गोष्ट, गाडी बदला. ड्रायव्हरच्या आधी गाडी. उजव्या स्टिअरिंगची गाडी तुम्हाला सवयीची वाटली पण इथे ट्रॅफिक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतं ना, मग त्या गाडीत ड्रायव्हर बसतो कडेच्या बाजूला. पुढे ट्रक असेल तर त्याला ट्रकची पाठ सोडून काही दिसतच नाही. ओव्हरटेक करता येईल का हे बघायलाच त्याला अर्धी गाडी समोरच्या लेनमध्ये काढावी लागते. आणि समोरून येणारं वाहन सगळ्यात आधी कोणाला दिसतं? डाव्या सीटवर बसलेल्याला, म्हणजे तुमच्या बाबांना! काकांचा पाय उगाच नाही ब्रेक शोधत होता, त्यांना ड्रायव्हरपेक्षा सेकंद दोन सेकंद आधी दिसत होतं.

ह्या गाड्या जपानमधून जुन्या होऊन येतात, स्वस्त पडतात म्हणून लोक घेतात. आणि अमेरिकेतल्या लिलावातल्या ठोकलेल्या गाड्या पण येतात, तिबिलिसीजवळ रुस्तावीला त्यांचा मोठ्ठा बाजार आहे, इथे दुरुस्त करून आजूबाजूच्या देशात विकतात पण. बंपर नसलेल्या गाड्या दिसल्या असतील तुम्हाला, खूप फिरतात. मधे कित्येक वर्षं गाडीची तपासणी सक्तीचीच नव्हती, २०१८-१९ पासून परत सुरू झाली, त्याआधी तर काय विचारू नका असं सिनियर सांगतात.

अजून एक, चर्च दिसलं की बरेच ड्रायव्हर छातीवर तीन वेळा क्रूस करतात, चालत्या गाडीत, वळणावर असले तरी. काझबेगीच्या रस्त्यावर चर्च भरपूर आहेत एवढंच सांगतो 😄

आणि ताई मार्श्रुत्का (तिबिलिसीतल्या दिदुबे स्टँडहून सुटणारी मिनीबस) स्वस्त पडते म्हणून कोणी सुचवेल, सासूसासऱ्यांना घेऊन अजिबात नको. आम्ही पोरं जातो ते ठीक आहे.

मुक्काम_पोस्ट_आरामखुर्ची

इतकं काय घाबरायचं ते कळत नाही. आपल्याकडे मुंबई-गोवा हायवेने गणपतीला जाणारे लोक आपण, वरंध घाटात पावसाळ्यात गाडी घातलेली माणसं, आणि युरोपात जाऊन एका ओव्हरटेकने घाम फुटतो. तिथल्या लोकांना सवय असते त्या रस्त्यांची. डोळे मिटा आणि झोपा मागच्या सीटवर. जाऊन या बिनधास्त.

वाळवंटातला_वऱ्हाडी

आरामखुर्ची भाऊ तुम्ही गेलता का तिकडं? नावावरून तर वाटत नाही. वरंधला समोरच्याला पण माहीत असते का आपन कसे चालवतो, हॉर्न देतो, वळणावर दोघं बी हळू होतात. तिकडं वळणावर हॉर्न बिर्न काही नाही, आणि स्पीड पाहा ना, आपल्या घाटात ३०-४० न गाडी चालते, तिकडं रस्ता गुळगुळीत आहे म्हणून ८०-९० न घेतेत. रस्ता खराब असता तर बरं झालं असतं असं म्हणाची पाळी येते बाप्पा.

आता ताईचा प्रश्न. मी अबुधाबीले असतो, आम्ही मागच्या उन्हाळ्यात गाडी भाड्यानं घेऊन स्वतः गेलो काझबेगीले. लायसन्स चालते, इंग्रजीत असलं का झालं, पण भाड्यानं देनारे कधी कधी इंटरनॅशनल परमिट मागतात ते पाहून घ्या. यूएईमधी आपन उजव्या बाजूनंच चालवतो, डाव्या स्टिअरिंगची सवय असते, म्हणून ते काही जड नाही. पण मी पुन्हा करनार नाही, आनि तुमच्या मालकाले पण सांगतो करू नका. कारन शेख झायेद रोडवर १२ लेन असतात पण तिथं कोणी समोरून येत नाही! इकडं समोरून ट्रक येते, त्याच्या मागून कार निघते अन ती आपल्या लेनमधी असते. डोकं एकच काम करते, रस्ता पाहाचं. बाजूनं सगळे म्हनून राहिले वा वा काय पहाड आहे, मी पहाड पाहिलाच नाही, फोटोत पाहिला घरी येऊन. पोरगी उलट्या करत असन तर मागं पाहाव का पुढं पाहाव.

ट्रकचं मुख्य आहे त्या रस्त्यावर. रशियात जायचा चालू असलेला कायदेशीर रस्ता तो एकच आहे जॉर्जियातून, लार्सची बॉर्डर, काझबेगीच्या १०-१२ किलोमीटर पुढं. आर्मेनियाचे ट्रक बी तिथूनच जातेत कारन त्यायच्या तुर्की अन अझरबैजानच्या बॉर्डरी बंद. २०२२ ले युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून तर ट्रॅफिक लई वाढलं म्हनतेत. बॉर्डर अडली का कडेला लाईन लागते, किलोमीटर दोन किलोमीटर नुसते ट्रक उभे. मग कारवाले काय करतेत, उलट्या लेनमधून त्या लाईनच्या बाजूनं जातेत. समोरून कोनी आलं का ट्रकच्या मधात कुठं फट दिसन तिथं घुसा. हे करा लागते, याले इलाज नाही, फक्त करनारा शांत डोक्याचा पाहिजे.

सानपाडा_ते_शारजा

धन्यवाद सगळ्यांना. लातूरचे डॉक्टर, स्टिअरिंगचं तुम्ही सांगितलेलं मी बाबांना वाचून दाखवलं, ते एकदम ताठ बसले आणि म्हणाले "मंग! मी काय बोलत होतो." आता रात्रभर सगळ्यांना तेच ऐकायला लागणार.

वऱ्हाडी दादा, नवऱ्याने तुमचं पहाड फोटोत बघितल्याचं वाचलं आणि गप्प बसला, भाड्याच्या गाडीचं कॅन्सल. पण आता मुद्दा असा की जायचं की नाही. काझबेगी सोडून नुसतं म्त्सखेता बघून यावं का? ते जवळ आहे ना? की दुसरा ड्रायव्हर शोधायचा, पण तो पण असाच निघाला तर? आत्ता रात्रीचे ९ वाजलेत इथे.

निवृत्त_पण_चालती

काझबेगी सोडू नका. मी बँकेतून निवृत्त झाले, आम्ही पाच मैत्रिणी गेलो होतो, सगळ्या साठीच्या पुढच्या, एकीचे गुडघे बदललेले. भीती आम्हालाही वाटली होती, पण ती त्या रस्त्यापेक्षा ड्रायव्हरच्या घाईची भीती होती, आणि घाई कुठून येते ते आधी समजून घ्या.

९ ला निघायचं म्हणतोय ना तो? तिथेच सगळं बिघडतं. तिबिलिसी ते काझबेगी (नकाशात आता स्टेपान्त्स्मिंडा लिहिलेलं असतं, घोळ करू नका) साधारण १५५ किलोमीटर, न थांबता तीन तास. मधे अनानुरी, गुदाउरीचं स्मारक, जेवण, वर गेर्गेटीचं चर्च, आणि संध्याकाळी परत. ९ ला निघालं की प्रत्येक ठिकाणी उशीर होत जातो, मग ड्रायव्हर तो वेळ रस्त्यात भरून काढतो. शिवाय सगळ्या टूरच्या मिनीबस पण त्याच सुमारास निघतात, म्हणजे त्या सगळ्यांच्या पुढे जायची शर्यत. आम्ही ७ ला निघालो होतो, नाश्ता हॉटेलकडून बांधून घेतला, अनानुरीला आमच्याशिवाय दोन कुत्री आणि एक झाडूवाला होता. आणि काझबेकचं शिखर (५ हजार मीटरच्या वर आहे) सकाळी दिसायची शक्यता जास्त, दुपारनंतर ढग येऊन बसतात.

आता ड्रायव्हर. हॉटेलच्या रिसेप्शनला आत्ता जाऊन सांगा की डाव्या स्टिअरिंगची गाडी, वय झालेला ड्रायव्हर, ७ ला निघायचं, आणि सिगरेट नको. हो, वय झालेला. तरुण मुलं इंग्रजी बोलतात म्हणून आपण त्यांना घेतो आणि मग ती फोनवर बोलत बसतात. आमचा ड्रायव्हर पासष्टीचा होता, इंग्रजीचे चार शब्द, बाकी सगळं खाणाखुणांनी, पण फोन वाजला की गाडी कडेला घ्यायचा. आजचा माणूस रद्द करताना थोडे पैसे जातील ते जाऊ देत, पोरीच्या उलटीचे जास्त झाले असते.

रस्त्याचं सांगते म्हणजे मनाची तयारी होईल. म्त्सखेतापर्यंत सरळ मोठा हायवे. मग झिनवालीचं धरण, त्याच्या काठावर अनानुरीचा किल्ला, तिथपर्यंत साधारण तास-सव्वा तास आणि काहीच अवघड नाही. इथे ठरवता येतं! म्हणजे अनानुरीपर्यंत ड्रायव्हर कसा चालवतोय ते बघा, सासूबाईंचा चेहरा बघा, नाही जमलं तर तिथूनच परत फिरा आणि उरलेल्या वेळात म्त्सखेता करा, ज्वारीच्या मठावरून खाली अराग्वी आणि कुरा (तिकडे म्त्क्वारी म्हणतात) नद्यांचा संगम दिसतो, दिवस फुकट जात नाही. जायचंच किंवा नाहीच असं करण्यात काही अर्थ नाही, मधला थांबा ठरवून निघा आणि ड्रायव्हरला ते सकाळीच सांगून ठेवा.

पुढे पासानाउरी, मग म्लेता. म्लेतापासून गुदाउरीपर्यंत खरा घाट, एकावर एक वळणं. मुलीला निघायच्या आधी अर्धा तास उलटीची गोळी द्या, डॉक्टरने तिला चालेल असं सांगितलेली असेल तीच, आणि नाश्ता म्लेताच्या आधी नको, नंतर. वर गेलं की ते गोल भिंतीचं रंगीत स्मारक, १९८३ साली सोव्हिएत काळात बांधलेलं, रशिया-जॉर्जिया करार झाला त्याला २०० वर्षं झाली म्हणून. मैत्रीचं स्मारक म्हणतात. २००८ मधे ह्या दोन देशांचं युद्ध झालं, तेव्हा त्या नावावर तिथले लोक काय म्हणत असतील ते ड्रायव्हरला विचारू नका, आम्ही विचारलं, तो पंधरा मिनिटं दोन्ही हात सोडून बोलला.

मग ज्वारी खिंड (मठाचं नाव पण ज्वारीच, पण ही वेगळी जागा), जवळजवळ २४०० मीटर. खिंडीच्या आसपास रस्त्याच्या बाजूला जुने सोव्हिएत बोगदे आहेत, हिमप्रपातापासून वाचायला बांधलेले. आत दिवे नाहीत आणि खड्डे आहेत. उन्हाळ्यात बाहेरूनच जातात सगळे, पण कोणी शॉर्टकट म्हणून आत घालायला लागला तर नाही म्हणा. खाली ९ किलोमीटरचा नवा मोठा बोगदा पण खणलाय, क्वेशेती ते कोबी, तो सुरू झाला की हा सगळा वरचा भाग टळेल. पण मग ते स्मारकही टळेल म्हणा.

लातूरचा_डॉक्टर_होणारा

काकू तुम्ही एकदम बरोबर सांगितलंत, अनानुरीला ठरवायची आयडिया भारी आहे.

ताई दोन-तीन शब्द पाठ करून ठेवा. हळू चालव म्हणायला "नेला, नेला". थांबवा म्हणायला "गामीचेरेत". धन्यवाद "मादलोबा". वयस्कर ड्रायव्हर असेल तर रशियन येतं त्याला, जॉर्जियन ड्रायव्हरला इंग्रजीत स्लो स्लो म्हणून काही होत नाही, तो समजतो तुम्ही गाण्याचं बोलताय आणि आवाज कमी करतो. आणि निघायच्या आधी सांगा, चालू गाडीत पहिल्यांदा सांगितलं तर त्यांना अपमान वाटतो, आमच्या एका सरांबरोबर झालंय असं, ड्रायव्हर चिडून अजून जोरात गेला.

पोलिसांचं पण सांगतो, घाबरू नका, इथले पोलिस पैसे मागत नाहीत. २००४ मधे सरकारने सगळीच्या सगळी ट्रॅफिक पोलिस फोर्स काढून टाकली होती, हजारो लोक, आणि नवीन भरती केली. पोलिस स्टेशन पण काचेची आहेत बघा रस्त्यात दिसतील. कॅमेरे भरपूर आहेत, म्हणून ड्रायव्हर कॅमेऱ्याजवळ एकदम शहाण्यासारखे चालवतात आणि पुढे गेलं की परत सुरू. काही झालंच तर ११२, सगळ्याला एकच नंबर.

मुक्काम_पोस्ट_आरामखुर्ची

ठीक आहे, मी आपलं सहज बोललो. पण एक विचारतो, गेर्गेटीच्या चर्चपर्यंत फोर बाय फोरच लागते ना? एका मित्राने सांगितलं होतं की खालून जीप बदलावी लागते आणि ते जास्त डेंजर.

वाळवंटातला_वऱ्हाडी

पहिले लागत होती. आता पक्का रस्ता झाला गावापासून वरपर्यंत, २०१८ च्या आसपास, ५-६ किलोमीटर असन, साधी कार बी जाते. गावात जीपवाले उभे असतात, डेलिका नावाच्या जुन्या जपानी गाड्या, ते म्हनतीन तुमची गाडी जानार नाही, जाते. रस्ता अरुंद आहे मात्र, कठडे सगळीकडं नाही, समोरून डेलिका आली का कोनी मागं घ्याव याची पंचाईत. डेलिकावाला घेत नाही.

चर्च १४ व्या शतकातलं आहे, २१७० मीटरवर. सोव्हिएत लोकायनं तिथं रोपवे केलता, गावकऱ्यायले वाटलं हे देवाच्या जागेचा अपमान आहे, त्यायनं तोडून टाकला. मले हे लई आवडलं. पायी बी जाता येते, दीड-दोन तास लागतात, पन तुमच्यासोबत मोठी माणसं आहेत.

बायकांनी डोकं झाकाव लागते आत जातानी, ओढणी ठेवा. पँट घातली असन तर गुंडाळायले कपडा दारात ठेवेल असतो.

सानपाडा_ते_शारजा

रिसेप्शनवाल्या मुलीने दुसरा माणूस दिला, डाव्या स्टिअरिंगची गाडी, वय ६० च्या आसपास. सकाळी ७. आजच्या माणसाला नवऱ्याने मेसेज केला, त्याने उलट हसणारी इमोजी पाठवली आणि "मुलीला काळजी घ्या" असं लिहिलं, आता मलाच वाईट वाटतंय. झोपते. उद्या लिहीन.

निवृत्त_पण_चालती

वाईट वाटून घेऊ नका. चांगला माणूस आणि चांगला ड्रायव्हर ही दोन वेगळी खाती आहेत. आणि बाबांना पुढेच बसवा, एसटीचा माणूस शेजारी बसलाय म्हटल्यावर कोणताही ड्रायव्हर जरा सांभाळून चालवतो, भाषा येवो न येवो.

सानपाडा_ते_शारजा

मंडळी, जाऊन आलो! सगळे सुखरूप, मुलीला एकही उलटी नाही, सासूबाई पण आल्या. उशीर झालाय तरी लिहूनच झोपते.

सकाळी गाडीत बसायच्या आधी नवऱ्याने फोनवर भाषांतर करून दाखवलं की आमचे बाबा बसचे ड्रायव्हर होते, हळू चालवा, अनानुरीला ठरवू पुढे जायचं का. त्या काकांनी वाचलं, बाबांकडे बघितलं, हात मिळवला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले "इकारुस!" म्हणजे ते पण सोव्हिएत काळात ती लांबलचक बस चालवायचे म्हणे! झालं, मग दोघांचं जे जमलं ते विचारू नका. एकाला मराठी दुसऱ्याला जॉर्जियन, पूर्ण रस्ता बोलत होते. बाबा विचारतात "किती गिअर?" बोटं दाखवून, तो पण बोटं दाखवतो.

अनानुरीला थांबलो, काकूंनी सांगितलं तसं खरंच कोणी नव्हतं, धरणाचं पाणी हिरवंगार. मी सासूबाईंना विचारलं परत जायचं का, त्या म्हणाल्या "आत्ता तर आलोय." म्लेताच्या घाटात बाबा एकदम मागे वळून मला म्हणाले, "चढावर खालच्या गिअरमधी हाय, बघ." मला काय कळणार पण ते खूश. येताना उतारावर तर त्यांनी जाहीर केलं की हा माणूस न्यूट्रल करत न्हाई, ब्रेक तापवत न्हाई, ह्याला आपल्या डेपोत पण ठेवला असता. एवढं सर्टिफिकेट त्यांनी माझ्या नवऱ्याला पण कधी दिलेलं नाही.

वऱ्हाडी दादा, ट्रकची रांग लागली होती, खिंड उतरल्यावर कोबीच्या पुढे. एक टूरची मिनीबस आमच्या मागून सुसाट उलट्या लेनमधून गेली आणि पुढे समोरून आलेल्या बसपुढे अडकली, मागे घ्यायला जागा नाही, पुढे जायला नाही, दोघांचा आरडाओरडा. आमचे काका ट्रकच्या मागेच थांबले, इंजिन बंद केलं, थर्मासमधून चहा काढला, बाबांना दिला. पंधरावीस मिनिटं गेली असतील पण कोणाला काही वाटलं नाही. मधे पुलावर गाई बसलेल्या, सगळा ट्रॅफिक त्यांच्या बाजूने, हे बघून सासूबाईंना घरी आल्यासारखं वाटलं.

काझबेक दिसला, चर्चपाशी पोचलो तेव्हा पूर्ण उघडा होता, मग तासाभरात ढगात गेला. आत मेणबत्त्या लावल्या, सासूबाईंनी पण लावली आणि नमस्कार केला. जेवणात लोबियानी (राजम्याचं सारण भरलेली रोटी) आणि मश्रूमचे खिंकाली (मोमोसारखे असतात), शाकाहारी लोकांनी काळजी करू नये, पण मागवताना नीट सांगा, नुसतं खिंकाली सांगितलं की मांसाचेच येतात. तिथे बाबांनी स्वतःचा एसटीचा ओळखपत्राचा फोटो मोबाईलमधे काढून त्यांना दाखवला, तो ह्यांनी कधी ठेवला होता आम्हाला माहीतच नव्हतं.

क्रूस त्यांनी पण केला हो प्रत्येक चर्चला, पण एकाच हाताने 😄

पहिलीच_पोस्ट

नमस्कार, खूप उपयोगी धागा. ताई त्या ड्रायव्हर काकांचा नंबर मिळेल का? आणि आम्ही डिसेंबरच्या शेवटी जाणार आहोत, ५ वर्षांचा मुलगा आणि आई, तेव्हा बर्फात हा रस्ता चालू असतो का?

सानपाडा_ते_शारजा

नंबर इथे उघड नको, त्यांना विचारून तुम्हाला मेसेज करते.

लातूरचा_डॉक्टर_होणारा

डिसेंबरात गुदाउरीपर्यंत सहसा पोचता येतं, स्कीवाले जातात म्हणून रस्ता साफ ठेवतात. गुदाउरी ते कोबी हा खिंडीचा भाग मात्र बर्फ किंवा हिमप्रपाताची भीती असली की बंद करतात, कधी काही तास, कधी दोनतीन दिवस. कधी चालू ठेवतात पण ट्रेलरना बंदी आणि बाकीच्यांना चाकाला साखळी लावायला सांगतात. आदल्या रात्री आणि सकाळी दोन्ही वेळा हॉटेलवाल्यांना विचारा. गुदाउरीहून कोबीला डोंगरावरून रोपवे पण आहे, हवा चांगली असेल तर तो करा, पण कोबीपासून काझबेगी अजून २० किलोमीटर आहे, पलीकडे गाडी आधी ठरवून ठेवायला लागेल. दिवस लवकर मावळतो, अंधारात खिंड उतरायची वेळ येणार असेल तर काझबेगीला मुक्काम करा, डे ट्रिप नको. आणि थंडीत टायर बघा, विंटर टायर आहेत का, ड्रायव्हर हो म्हणेल, तुम्ही खाली वाकून बघा.

वाळवंटातला_वऱ्हाडी

अन स्टिअरिंग कोण्या बाजूला हाय ते बी.